‘सून’ आणि ‘स्नुषा’

मराठी ‘सून’ हा शब्द संस्कृत ‘सूनु’ म्हणजे पुत्र, याच्या इतका जवळचा दिसतो की दोहोंचे नाते गृहीत धरण्याचा मोह व्हावा. तो आवरला पाहिजे. ‘सून’चे मूळ ‘स्नुषा’ होय. प्राकृत ‘सुण्हा’ हा मधला दुवा. मूळ इंडो-युरोपीय भाषेतील स्नुषावाचक शब्दही पुत्रवाचक शब्दापासून साधण्याचे प्रयत्न झालेले आहेत. परंतु ‘सूनु’मधील दीर्घ ऊकार गेला कोठे, याचे समाधानकारक उत्तर त्यांतून मिळत नाही.

खरा प्रश्न शब्दान्ताचा आहे. ग्रीक ‘नुओस्’ स्त्रीलिंगी असूनही त्याचा अन्त सामान्यतः पुंल्लिंगी नामांत आढळणारा आहे; आर्मेनियन ‘नु’ची रूपेही त्याच वळणाची. म्हणून ‘स्नुसोस्’ हेच अनुमानित मूळ रूप मानणे युक्त. संस्कृत ‘स्नुषा’ व प्राचीन स्लाव्ह ‘स्नुखा’ यांतील आकार लिंगानुसार मागाहून जडला. (लॅटिन ‘नुरुस्’ सासूवाचक ‘सोक्रुस्’च्या धाटणीवर गेला, ही निराळी गोष्ट.) स्त्रीलिंगाची प्रत्ययव्यवस्था स्थिरावण्यापूर्वीची ही खूण असावी.

मराठी ‘सून’ आकारान्त नाही, हा मात्र त्या प्राचीनत्वाचा अवशेष नव्हे. ‘जिव्हा’ची ‘जीभ’ झाली, ‘जङ्घा’ची ‘जांघ’. त्याच नियमाने येथेही अन्त्य आकार लोपला.