लोणारची खोली ऑक्टेव्हला का दिसत नाही

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे 1,830 मीटर आणि काठापासून खोली सुमारे 150 मीटर. शेगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्याला किंवा बुलढाण्यात घरी बसून ऑक्टेव्ह ही गणिती संगणकभाषा गिरवणाऱ्याला सरावासाठी याहून जवळचं गणित मिळायचं नाही. विवर म्हणजे गोलाचा कापलेला तुकडा असं धरायचं आणि त्याचं घनफळ काढायचं. संगणकावर नावं रोमन लिपीत टाइप होतात, इथे ती देवनागरीत देतो. वेगळ्या फाइलीत हे फंक्शन:

फंक्शन घनफळ = वाटी(त्रिज्या)
घनफळ = पाय * खोली * (3 * त्रिज्या^2 + खोली^2) / 6;
एंड

आणि प्रॉम्प्टवर या तीन ओळी:

त्रिज्या = 915;
खोली = 150;
घनफळ = वाटी(त्रिज्या)

एंटर दाबलं की उत्तराच्या जागी येतं: ‘एरर: खोली अनडिफाइन्ड’. त्याखाली ‘कॉल्ड फ्रॉम’ आणि मग वाटी, ओळ 2.

शिकणारा इथे हमखास चिडतो. खोली तर वरच दिली आहे! प्रॉम्प्टवर नुसतं खोली लिहून बघतो, तर 150 दाखवतं. म्हणजे संगणक खोटं बोलतोय? नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि या मजकुराची सगळी गोडी त्यातच आहे. वाटी या फंक्शनचं स्वतःचं वेगळं कामाचं क्षेत्र असतं. बाहेरून तिथे तेवढंच जातं, जेवढं कंसातून दिलं. त्रिज्या गेली, खोली उंबऱ्याबाहेर राहिली. एररची शेवटची ओळ म्हणूनच मोलाची: नाव कुठे आढळलं नाही, ते ती नेमकं सांगते. ती न वाचता प्रॉम्प्टवर ‘खोली = 150’ पुन्हा पुन्हा लिहीत बसणाऱ्याची संध्याकाळ वाया जाते.

ऑक्टेव्हने अंदाज बांधायला नकार दिला, हे मला या एररचं सर्वांत मोठं सौंदर्य वाटतं. जुन्या बेसिक या संगणकभाषेत किंमत न दिलेलं नाव शून्य धरलं जाई. तिथे खोली द्यायचीच राहिली असती, तर लोणारचं घनफळ शून्य निघालं असतं आणि कोणी हटकलंही नसतं. ऑक्टेव्हसारख्याच सायलॅबचा स्वभाव निराळा. नाव फंक्शनमध्ये सापडलं नाही, तर ते बोलावणाऱ्याकडे जाऊन शोधतं, त्यामुळे सायलॅबच्या लेखनपद्धतीत बदलून घेतलेला हाच मजकूर तिथे बिनतक्रार चालतो आणि उत्तरही बरोबर येतं. सोय खरी, पण उद्या दुसऱ्या कामात खोली म्हणजे सरोवरातल्या पाण्याची खोली असेल, तर वाटी तीच उचलणार. मला ऑक्टेव्हचा काटेकोरपणा जास्त भावतो.

एक पळवाट मात्र ऑक्टेव्हमध्येही आहे. खोलीला ‘आय’ असं नाव दिलं असतं, तर एरर आलीच नसती. ‘आय’ म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, हे तिथे आधीच ठरलेलं आहे. उत्तर काल्पनिक संख्येत येतं आणि बघणारा चक्रावतो.

आता दुरुस्ती. कोणी दोन्हीकडे ‘ग्लोबल खोली’ लिहितं. एरर जाते, पण वाटी कायमची बाहेरच्या एका नावाला बांधली जाते. कोणी सूत्रात थेट 150 घालतं, मग ती वाटी लोणारपुरतीच उरते. खरी दुरुस्ती पहिल्या ओळीत आहे: वाटी(त्रिज्या, खोली). एवढं झालं की वाटी(915, 150) सुमारे 19.9 कोटी घनमीटर सांगते. सुमारे 1,200 मीटर रुंद आणि 170 मीटर खोल अशा अॅरिझोनाच्या बॅरिंजर विवरासाठी वाटी(600, 170) लिहिलं, तर सुमारे 9.9 कोटी. बाहेर त्या किमतींना कुठलंही नाव असो, आत त्या त्रिज्या आणि खोली म्हणूनच येतात. फंक्शनची पहिली ओळ वाचूनच त्याला काय काय लागतं ते कळावं, असं लेखन मला देखणं वाटतं.

पहिली ओळ सुधारली आणि बोलावताना वाटी(915) एवढंच लिहिलं, तर ऑक्टेव्ह पुन्हा तेच म्हणतं: खोली अनडिफाइन्ड. या वेळी चूक बोलावणाऱ्याची असते, तरी बोट फंक्शनच्या दुसऱ्या ओळीकडे जातं. ऑक्टेव्हशी मिळतंजुळतं मॅटलॅब अशा वेळी इनपुट अपुरे आहेत असं सरळ सांगतं. इथे मॅटलॅब सरस आहे, हे मान्य करावं लागेल.

जागांची अदलाबदल मात्र दोघांनाही कळत नाही. वाटी(150, 915) लिहिलं, तर सुमारे 43.3 कोटी येतात. नावं सगळी जागेवर, एरर नाही, आणि लोणार दुपटीहून मोठं झालेलं. त्यावर इलाज म्हणजे आपली तक्रार आपणच लिहिणं. सूत्राच्या आधी एक अट घालावी: खोली त्रिज्येपेक्षा जास्त असेल, तर एरर दाखव, ‘आधी त्रिज्या, मग खोली द्या’. उथळ विवरांसाठी एवढी अट पुरते, आणि उलट लिहिलेली ती ओळ चुकीचा आकडा छापण्याआधीच थांबते.