भैरवीच्या कानाने ‘आय्रे’

ओस्वाल्दो गोलिहोव यांचा जन्म १९६०चा, अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात. पुढे ते जेरुसलेमला शिकले आणि अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांची ‘आय्रे’ ही अकरा गीतांची माला २००४मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सोप्रानो डॉन अपशॉ यांनी प्रथम गायिली. १४९२मध्ये ग्रानाडाचे मुस्लिम राज्य बुडाले, त्याच वर्षी स्पेनमधून ज्यूंना हाकलले. माला त्या हरवलेल्या अंदालुसियाभोवती फिरते. लादिनो, अरबी, हिब्रू, सार्डिनियन. भाषा बदलतात, कंठ एकच.

मराठी श्रोत्याची इथे एक अडचण होते. स्पॅनिश वळणाचा कोमल रिषभ कानी पडला की आपण मनात भैरवी लावतो आणि भैरवीबरोबर विरह येतो. ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून आपल्या विरहाला भेटीचे आश्वासन चिकटलेले आहे. हद्दपाराला मात्र कोणीतरी घालवलेले असते. ‘आय्रे’ नुसते विरहगीत म्हणून ऐकले, की तो घालवणारा सुटतो. (त्या हकालपट्टीची एक वाट गोव्यापर्यंत आली होती. स्पेन सोडून पोर्तुगालला गेलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, वैद्य गार्सिया द ओर्ता, १५३४मध्ये गोव्यात आला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८०मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.)

म्हणून मला तिसरे गीत निर्णायक वाटते. सार्डिनियात १८२०च्या फर्मानाने मोकळ्या जमिनींना कुंपणे घालण्याची मुभा मिळाली. त्याविरुद्धचे हे संतप्त पद. इथे कोणी देश सोडलेला नाही, पायाखालची जमीनच भिंतीआड गेली आहे. अपशॉ इथे आपला गोड आवाज बाजूला ठेवतात आणि घसा खरवडून गातात. दोन गीतांनंतर लादिनो अंगाई येते. तिच्यात स्पेनची आठवण शोधू नये. शेत नांगरून दमलो म्हणणाऱ्या नवऱ्याला बायको सुनावते, की तू नव्या प्रेमाकडून आला आहेस. निर्वासितांच्या भाषेने जपले ते हे घरातले भांडण!

महमूद दरवीश यांची कविता मात्र गायिली जात नाही, गिटारवर बोलली जाते. १९४८मध्ये गाव गमावलेल्या या पॅलेस्टिनी कवीने ग्रानाडाच्या पाडावावर लिहिलेल्या काव्यमालेतली ती आहे. गोलिहोव यांनी तिला चाल लावली नाही, हा मालेतला सर्वांत प्रामाणिक निर्णय. इतरत्र तालवाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी सगळ्यांची दुःखे फार सहज एकत्र मिसळतात, आणि तिथे माला मला सैल वाटते. या शब्दांपाशी ते मिसळणे थांबते.