वकिलांचे इंटरनेट-संशोधन : शिकवायचे नेमके काय?

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या अपील न्यायालयाने 2005 मध्ये ‘मन्स्टर विरुद्ध ग्रोस’ या प्रकरणाच्या निकालपत्रात एक तळटीप घातली. प्रतिवादीचा ठावठिकाणा लागत नाही म्हणून राज्याच्या सचिवांमार्फत समन्स बजावण्याचा मार्ग वादीने धरला होता, आणि त्याआधी पुरेसा शोध घेतला गेला होता काय, हा वादाचा मुद्दा होता. न्यायालयाने गूगलवर प्रतिवादीचे नाव आणि त्यापुढे राज्याचे नाव एवढेच टाकून पाहिले. वादीने वापरलेल्या दोन्ही पत्त्यांहून निराळा पत्ता मिळाला. शिवाय प्रतिवादीच्या आईचे असावे असे एक मृत्युवृत्त मिळाले व त्यात मागे राहिलेल्या अनेक नातलगांची नावे होती. ती बजावणी न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. (न्यायाधीशांनी स्वतः असा शोध घ्यावा काय, हा प्रश्न वेगळाच आहे. अमेरिकन बार असोसिएशनच्या समितीने 2017 मध्ये त्याविषयी प्रतिकूल मत दिले.)

वकिलांना इंटरनेटवरील शोध शिकवणाऱ्यांना ही तळटीप फार आवडते, आणि ते स्वाभाविक आहे. शोध न घेणे हा वकिलाचा हलगर्जीपणा ठरू शकतो, हे ती थोडक्यात सांगते. मात्र तिच्यावरून जी शिक्षणपद्धती उभी राहिली तिची चिकित्सा आवश्यक आहे. या क्षेत्रात कॅरोल लेविट व मार्क रॉश या जोडीचे काम ठळक आहे. ‘द लॉयर्स गाइड टू फॅक्ट फाइंडिंग ऑन द इंटरनेट’ आणि पुढे 2010 व 2011 मध्ये दोन खंडांत आलेले ‘फाइंड इन्फो लाइक अ प्रो’ हे त्यांचे ग्रंथ अमेरिकन बार असोसिएशनने प्रसिद्ध केले. त्यांतील परिश्रम वादातीत आहेत. परंतु अशा ग्रंथांचा मोठा भाग संकेतस्थळांच्या परिचयाने व्यापलेला असतो, आणि संकेतस्थळ ही काही टिकाऊ वस्तू नव्हे. अल्टाव्हिस्टा 2013 मध्ये बंद झाले. गूगलने अधिक-चिन्हाची सोय 2011 मध्ये काढली आणि पानाची साठवलेली प्रत दाखवणारा दुवा 2024 मध्ये काढून टाकला. फेसबुकवरील ज्या शोधसोयीवर तपास करणारे विसंबून होते ती 2019 मध्ये मोडीत निघाली. पत्ते पाठ करून घेणारा अभ्यासक्रम म्हणूनच छापून येईपर्यंत निम्मा शिळा होतो.

त्यापेक्षा न शिळावणारी सामग्री निकालांत व आचारमतांत आहे. फिलाडेल्फिया बार असोसिएशनपुढे 2009 मध्ये एका वकिलाने प्रश्न ठेवला : साक्षीदाराचे खाजगी पान पाहता यावे म्हणून तिसऱ्या व्यक्तीकरवी तिला मैत्रीची विनंती पाठवावी काय? समितीने नकार दिला. विनंतीतला शब्दन् शब्द खरा असला तरी खरा हेतू दडवला जातो, आणि ती फसवणूकच होय. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क शहराच्या बार असोसिएशनने मात्र असे मत दिले की, वकिलाने स्वतःच्या खऱ्या नावाने विनंती पाठवली तर कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. ही दोन मते शेजारी ठेवून वर्गात तासभर वाद घडवता येतो. कोणत्याही संकेतस्थळाच्या यादीने ते साधणार नाही.

ही पद्धती आपल्याकडे आणताना पहिली ठेच नावाशीच लागते. इंडियानात नाव आणि राज्य एवढ्यावर माणूस सापडला. बेळगाव, हैदराबाद किंवा गोव्यात ‘शेख’ हे आडनाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. महाराष्ट्रात ते बहुधा नावाच्या शेवटी येते, तर हैदराबादकडे पुष्कळदा नावाच्या आधी. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे संक्षिप्त. ‘सय्यद’ची तीच कथा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधताना राज्य, जिल्हा, न्यायालय-संकुल व वर्ष निवडावे लागते. तेव्हा ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ त्या संकुलात, त्या वर्षी, त्या वर्णलेखनाने सापडली नाही, एवढाच. याच्या उलट चूक अधिक घातक आहे : नाव जुळले म्हणून दुसऱ्याच कुणाचा खटला एखाद्याच्या माथी मारला जातो. वडिलांचे नाव, गाव, वय यांचा पडताळा घेतल्याशिवाय जुळणी मानायची नाही, ही सवय वर्गातच लागली पाहिजे. जमिनीच्या बाबतीतही असेच. चंदगड तालुक्यातला सातबारा मराठीत, पलीकडे खानापूर तालुक्यातला उतारा कन्नडमध्ये, गोव्यात नमुना एक व चौदा. एकाच कुटुंबाची शेती या तिन्ही दप्तरांत विखुरलेली असू शकते.

सापडले, तरी ते न्यायालयात टिकावे कसे? जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये निर्वाळा दिला की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर कलम 65-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तिथे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाल्याचे निवडणूक कचेरीतील चित्रफितींवरून दाखवायचे होते आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. शक्य ते सर्व करून चुकलेल्या पक्षाला न्यायालयाने त्या अटीतून मोकळीक दिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. एक पक्षाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि फाइलचे हॅश मूल्यही त्यात नोंदवायचे.

येथेच प्रशिक्षणातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न उभा राहतो : शोधाची कळ दाबायची कोणी? एखादे पान वकिलानेच रात्री आपल्या संगणकावर उघडून छापले आणि सकाळी ते पुसले गेले, तर ते पान पाहणारा तो एकटाच उरतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांनुसार ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असे मानण्यास कारण आहे, ते प्रकरण वकिलाने स्वीकारू नये. काम सुरू झाल्यावर तसे दिसू लागले, तर अशिलाच्या हिताला बाध न आणता त्यातून बाजूला व्हावे. चपळाईने शोध घेणारा वकील अशा रीतीने अशिलालाच गमावू शकतो. शोध कारकुनाने किंवा अशिलाने घ्यावा, वेळ, पत्ता व वापरलेले शब्द लगेच वहीत उतरवावेत आणि वकिलाने शेजारी बसून केवळ दिशा द्यावी, ही साधी व्यवस्था फारशी कुठे शिकवली जात नाही.

विधी महाविद्यालयांच्या परीक्षेत सध्या बहुधा कलमे विचारली जातात. त्याऐवजी विद्यार्थ्याला एखादी जुनी, सार्वजनिक नोंद शोधायला देऊन उत्तराबरोबर शोधवहीही मागवता येईल, आणि ज्याला नोंद सापडली नाही पण कुठे कुठे पाहिले ते ज्याने नीट लिहिले, त्यालाही गुण देता येतील.