धुराडं कुठे गेलं? बॅकग्राउंड-पोझिशनवर थोडी टीका

समजा, तुम्ही घुग्घुसच्या हवेवर प्रकल्प करताय. विषय हलका नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर पट्ट्याला 83.88 मिळाले; 70 च्या वर गेलं की भाग गंभीररीत्या प्रदूषित धरायचा. प्रकल्पाच्या वेबपानाच्या माथ्यावर तुम्ही एक रुंद फोटो लावता. डावीकडे कारखान्याचं धुराडं, मधे वर्धा नदी आणि मोकळं आभाळ. लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. मोबाइलवर मात्र धुराडं गायब आणि नदी तेवढी उरलेली. पान प्रदूषणाचं, फोटो पर्यटनाचा!

हे करतात दोन शब्द: बॅकग्राउंड-साइझला 'कव्हर' आणि बॅकग्राउंड-पोझिशनला 'सेंटर'. ही जोडी सगळे जण डोळे मिटून चिकटवतात. हिशोब करून बघा. फोटो 1600 × 600 पिक्सेलचा, मोबाइलवरची चौकट 360 × 480 ची. चौकट पूर्ण झाकायची म्हणून फोटो 0.8 पट होतो, म्हणजे 1280 × 480. रुंदीत 920 पिक्सेल जास्तीचे. 'सेंटर' म्हटलं की दोन्हीकडून 460-460 कापले जातात. धुराडं मूळ फोटोत डावीकडून 400 पिक्सेलवर, म्हणजे आता 320 वर. गेलं ना कापल्या भागात!

मग टक्केवारी वापरू. धुराडं फोटोच्या रुंदीच्या 25 टक्क्यांवर आहे, म्हणून पोझिशन 25% लिहू. इथे बरेच शिकवणारे सांगतात की 25% म्हणजे चित्राची डावी कड चौकटीच्या पाव रुंदीवर. हे साफ चूक आहे. तसं असतं तर फोटो 90 पिक्सेल उजवीकडे सरकला असता आणि डावीकडे रिकामी पट्टी राहिली असती. खरा नियम असा: चित्राचा 25 टक्क्यांवरचा बिंदू चौकटीच्या 25 टक्क्यांवरच्या बिंदूवर ठेवायचा. म्हणजे चौकटीच्या रुंदीतून चित्राची रुंदी वजा करा आणि आलेल्या आकड्याचे 25 टक्के काढा. 360 वजा 1280 म्हणजे उणे 920, त्याचा पाव भाग उणे 230. फोटो 230 पिक्सेल डावीकडे सरकतो आणि 320 वरचं धुराडं चौकटीत 90 वर येतं. चौकटीचा पाव भाग बरोबर 90!

नियम पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतो, पण माझ्या मते सीएसएसमधल्या चांगल्या नियमांपैकी तो एक आहे. 'कव्हर' असताना पडदा कितीही अरुंद होऊ द्या, तुम्ही निवडलेला बिंदू चौकटीबाहेर जाणारच नाही. आणि तो नवा नाही. डिसेंबर 1996 च्या पहिल्या सीएसएस शिफारशीतच तो आहे, 14% आणि 84% असं उदाहरण देऊन. मूळ दस्तऐवजातली ती दोन वाक्यं वाचायला एक मिनिट लागतं. तरी लोक तिसऱ्या-चौथ्या हाताची नोट्स वाचतात. संदर्भ न उघडता संदर्भ देण्याची सवय इथूनच लागते, बरं का.

एक मेख लक्षात ठेवा. चित्र आणि चौकट एकाच रुंदीचं असेल तर वजाबाकी शून्य, आणि शून्याचे कितीही टक्के शून्यच. आकडा बदलून काहीच हलत नाही तेव्हा ब्राउझरला दोष देऊ नका.

आता जिथे दस्तऐवजच कमी पडतो तिथे येऊ. चित्रं ओळीने मांडायची, अंतर सोडून, यासाठी बॅकग्राउंड-रिपीटला 'स्पेस' हा पर्याय तिसऱ्या पातळीत आला. जेवढी अख्खी चित्रं मावतील तेवढी बसवायची आणि उरलेली जागा मधे वाटायची. ऐकायला छान. पण 100 पिक्सेलचं चित्र घ्या. चौकट 300 ची असेल तर तीन चित्रं आणि अंतर शून्य. चौकट 299 ची झाली तर दोनच चित्रं आणि मधे 99 पिक्सेलचं भगदाड! एका पिक्सेलच्या फरकाने एवढी उडी. अंतर किती हवं हे सांगायची सोय नाही; हवं असेल तर चित्रातच कोरी कडा ठेवा. शिवाय 'स्पेस' लावलं की पोझिशन गुपचूप बाजूला पडते, आणि एकच चित्र मावत असेल तेव्हाच परत लागू होते. दुसरा पर्याय 'राउंड'. तो अंतर ठेवत नाही, चित्राची रुंदी बदलतो: 360 च्या चौकटीत 100 ची चित्रं 90 ची होऊन चार बसतात.

सजावटीला हे चालेल. पण एक बाहुली म्हणजे अमुक इतके रुग्ण, असं चित्र तुम्ही यातून काढलं, तर रुग्णांची संख्या वाचणाऱ्याच्या मोबाइलच्या रुंदीवर ठरेल. हसू नका, बाहुल्या ओळीने भरण्याचा हाच सगळ्यात सोपा रस्ता वाटतो.

सीएसएस ठरवणाऱ्या गटाचं एक मात्र कौतुक. त्यांनी स्वतःच्या रचनेतल्या चुकांची यादी उघडपणे ठेवली आहे. बॅकग्राउंड-पोझिशनमध्ये आधी आडवी किंमत येते, तर मार्जिनमध्ये आधी वरची, म्हणजे उभी; हा बेबनाव त्या यादीत आहे. बॅकग्राउंड-साइझला एकच आकडा दिला की दुसरा आपोआप 'ऑटो' धरला जातो, हेही आहे. जुनी पानं मोडतील म्हणून आता बदलता येत नाही. 'स्पेस'ची उडीही त्या यादीत यायला हवी, असं माझं मत.

राहिलं तुमचं धुराडं. ते पुरावा असेल तर पार्श्वभूमीत ठेवूच नका. पान छापताना ब्राउझर बहुधा पार्श्वभूमी गाळतात, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ती वाचत नाही. साधं चित्र म्हणून टाका, पर्यायी मजकूर लिहा, ऑब्जेक्ट-फिटला 'कव्हर' द्या. ऑब्जेक्ट-पोझिशनलाही टक्क्यांचा हाच नियम लागतो, त्यामुळे काढलेले 25% तसेच चालतील.