नागमोडी रेघेचे प्रामाण्य

ज्ञान विश्वसनीय केव्हा मानावे, या प्रश्नाचा ऊहापोह तत्त्वज्ञ स्वस्थपणे करू शकतो. ग्रंथसंपादकाला मात्र त्याचे उत्तर ओळीओळीला द्यावे लागते. शेकडो हस्तलिखिते परस्परविरुद्ध साक्ष देत असता कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे, हे ठरविल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली व १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती या दृष्टीने प्रमाणविचाराचा ग्रंथ म्हणूनही वाचली पाहिजे.

सतराव्या शतकात कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीळकंठाने काशीत राहून महाभारतावर टीका रचली. त्यानेही निरनिराळ्या प्रांतांच्या प्रती मिळविल्या होत्या. परंतु जे जे चांगले आढळेल ते ते पदरात घ्यावे, अशी त्याची वृत्ती होती. तिच्यामागील श्रद्धा व विद्वत्ता निःसंशय मोठी; तथापि संग्रह म्हणजे परीक्षा नव्हे. पुढे नीळकंठाचाच पाठ छापला गेला आणि सर्वत्र पोचला, म्हणून तोच मूळचा मानला गेला. प्रसार हेच प्रमाण समजण्याचा हा हेत्वाभास होय.

१९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या विष्णु सीताराम सुखठणकरांनी तो नेमका हेरला. आदिपर्वासाठी त्यांनी सुमारे साठ प्रती ताडून पाहिल्या. पण प्रतींची मोजदाद करून बहुमताने पाठ ठरविला नाही. एकाच पूर्वजप्रतीवरून उतरलेल्या वीस प्रती ही वीस जणांची साक्ष नसून एकाचेच वीसदा उच्चारलेले वाक्य असते. उलट, ज्यांचा परस्परसंबंध संभवत नाही अशा काश्मिरी आणि दाक्षिणात्य परंपरा एकाच पाठावर आल्या, तर तो पाठ दोघींच्या समाईक पूर्वजाचा असण्याचा संभव पुष्कळच वाढतो. सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या थोर पंडिताने प्रचलित पाठच छापून पाठभेद तळाशी द्यावेत असे सुचविले, तेव्हाही सुखठणकर आपल्या तत्त्वापासून ढळले नाहीत.

या तत्त्वाची किंमत द्यावी लागली. व्यासांचा लेखक झालेल्या गणपतीची कथा महाराष्ट्राच्या मनात घर करून बसलेली. तीही मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. मात्र ती नष्ट केली गेली नाही. वगळलेला प्रत्येक उतारा छापलेलाच आहे. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याच्या हाती सारा पुरावा देऊन ठेवला आहे.

निर्णयाची खरी कसोटी पुढे लागली. १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाल्यानंतर नेपाळातील एक फार जुनी प्रत राजगुरू हेमराज पंडितांच्या द्वारे उपलब्ध झाली. सुखठणकरांनी प्रतींच्या आधारावाचून, केवळ तर्काने सुचविलेल्या काही पाठांना तिने दुजोरा दिला. तर्क आधी आणि पुरावा मागाहून, असा क्रम लागला की अनुमानाला जे बळ येते, ते आधीच हाती असलेल्या पुराव्याशी जुळवून घेतलेल्या अनुमानाला येत नाही.

तरीही या आवृत्तीचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. जेथे पाठ निश्चित नाही, तेथे संपादकाने अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली आहे. आपण काढलेले रूप व्यासांचे मूळ काव्य नसून उपलब्ध प्रतींच्या आधारे पोचता येईल असे प्राचीनतम रूप आहे, हेही त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले. मौखिक परंपरेतील ग्रंथाला असे एक रूप असतेच काय, ही मादलेन बियार्दो यांची शंका म्हणूनच या आवृत्तीला परकी नाही. तिला वाव मिळावा अशीच तिची रचना आहे.

खेद एवढाच, की आज अनेक अभ्यासक, अनुवादक व वक्ते या आवृत्तीचा दाखला ‘मूळ महाभारत’ म्हणून देतात. अवतरण घेताना रेघ गळते आणि संपादकाचा संशय वाचकाचा सिद्धांत होतो. नीळकंठाच्या पाठाबाबत झालेली चूक अशा रीतीने नव्या ग्रंथाच्या नावाने पुन्हा घडते. सुखठणकरांनी संहितेबरोबर आपल्या संशयाचे मापही वाचकाच्या स्वाधीन केले होते. त्यांतील संहिता तेवढी घेऊन माप टाकून देणे हा त्यांचा गौरव नव्हे.