तळ्यातलं मूल आणि मस्टरवरचं नाव

आज पीटर सिंगर यांच्या ‘फॅमिन, अ‍ॅफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’ या निबंधाविषयी बोलायचं आहे. तो 1972 साली प्रसिद्ध झाला. लिहिला गेला त्याआधी काही महिने, पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते तेव्हा. जेमतेम पंधरा पानं. युक्तिवाद अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. तुम्ही एका उथळ तळ्याच्या कडेनं चालला आहात आणि एक लहान मूल त्यात बुडतंय. आत उतरलात तर कपडे चिखलानं भरतील, एवढंच. उतरायचं की नाही? हा प्रश्न पडणंसुद्धा लाजिरवाणं. मग सिंगर विचारतात, ते मूल तळ्यात नसून हजारो मैलांवर उपाशी असेल, तर तुमचं कर्तव्य बदलतं का? चैनीवर जे उधळतो ते देऊन जीव वाचत असेल, तर देणं बंधनकारकच आहे.

हा निबंध मी वर्षानुवर्षं शिकवला. अंतराविषयीचा भाग मला आजही बिनतोड वाटतो. आपल्याकडे दान म्हटलं की पुण्य आलं, आणि पुण्य म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली. सिंगर ही मर्जीच काढून घेतात. ‘भावनेला हात घातलाय झालं’ असं म्हणून त्यांना उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझा आक्षेप तळ्याला आहे.

तळ्यातलं मूल कसं आहे बघा. त्याला इतिहास नाही. ते कुणाचं, तिथे कसं आलं, विचारायला वेळ नाही. आणि ते बरोबरच आहे, बुडणाऱ्याची कुणी चौकशी करत बसत नाही. पण भूक अशी एका क्षणात घडत नाही. निबंधाच्या सुरुवातीला गरिबी, वादळ आणि यादवी युद्ध यांचा एका वाक्यात उल्लेख येतो, नंतर ही कारणं फारशी दिसत नाहीत. श्रीमंत देशांच्या सरकारांनीही अधिक मदत द्यावी, हे सिंगर मान्य करतात. तरी चित्रात माणसं दोनच: काठावरचा आणि बुडणारा. बुडणाऱ्याला हात आहेत ते फक्त वर धरण्यापुरते.

त्याच बंगालात पुढे काय झालं? 1974 मध्ये स्वतंत्र बांगलादेशात दुष्काळ पडला. अमर्त्य सेन यांनी ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या 1981 च्या पुस्तकात दाखवलं, की 1971 ते 1975 या वर्षांत दरडोई धान्य सर्वांत जास्त उपलब्ध होतं ते नेमकं 1974 मध्ये. पुरामुळे शेतमजुरांचं काम गेलं, तांदळाचे भाव चढले. बाजारात तांदूळ होता, मजुराच्या कनवटीला पैसा नव्हता. त्यातच बांगलादेशानं क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेनं अन्नमदत अडवून धरली. म्हणजे काठावरचा माणूस नुसता उदासीन नव्हता हो, तो हिशेब करत उभा होता. अशा माणसाला सिंगरांच्या चित्रात जागाच नाही.

आणि योगायोग असा, की निबंध छापला गेला त्याच 1972 मध्ये आपल्या महाराष्ट्रात दुष्काळ होता. माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नको: मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामं. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. मदत बाहेरून आली, लाल मिलो अमेरिकेतूनच आला, ते नाकारायचं कारण नाही. पण माणसं तगली ती मुख्यतः मस्टरवर नाव लागलं म्हणून. आणि नाव लागावं, मजुरी वेळेवर मिळावी यासाठी मोर्चे निघाले, घेराव झाले. त्यातून, आणि वि. स. पागे यांनी लावून धरलेल्या कल्पनेतून, 1977 चा रोजगार हमी कायदा आला. तहसीलदारापुढे उभं राहून ‘काम द्या’ म्हणणारी बाई ही बुडणारं मूल नाही. तिला तळ्याच्या उपमेत बसवून पाहा, उपमा मोडते.

कुणी म्हणेल, जिथे मागायला सरकारच नाही तिथे काय? प्रश्न रास्त आहे. सूदानमधल्या झमझम छावणीत 2024 च्या ऑगस्टमध्ये दुष्काळ जाहीर झाला. तिथे सिंगरांचं म्हणणं अर्धं तरी लागू पडतं, पैसे पाठवायलाच हवेत. पण सूदानमध्ये ठिकठिकाणी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली ती तिथल्याच स्वयंसेवकांनी, आणि धान्याचे ट्रक अडले ते लढणाऱ्या सैन्यांमुळे. ट्रक सोडा म्हणून दबाव आणणं हे देणगीच्या पावतीत बसत नाही.

आपली बाजूही फार उजळ नाही. 72 च्या दुष्काळात तगलेल्या याच राज्यात मेळघाटातली मुलं नंतर कुपोषणानं मरत राहिली. तिथे तलाव आटल्याचं छायाचित्र नव्हतं, मस्टर नव्हतं, मोर्चाही क्वचित. 2024 मध्ये जगात सुमारे 67 कोटी लोक उपाशी होते असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांची भूक ही अशी, रोजची, बातमी न होणारी आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना 5 किलो धान्य हक्काचं केलं, आणि रेशन दुकानात कष्टानं झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून म्हातारी परत जाते. तिला कुणी ढकललं नाही, ती बुडतही नाहीये. तिच्याविषयी माझं कर्तव्य काय, याचं उत्तर मला तळ्याच्या काठावर सापडत नाही.

सिंगर यांनी 2009 च्या ‘द लाइफ यू कॅन सेव्ह’ या पुस्तकात हेच तळं पुन्हा घेतलं आहे. त्याबद्दल पुढच्या वेळी बोलू.