अपुरे राहिलेले काव्य : ‘स्मृतिचित्रे’ आणि आयुष्याचे अग्रक्रम

मृत्यूचे भान ठेवून जीवनाचे अग्रक्रम ठरवावेत, असे आपण प्रवचनांतून नेहमी ऐकतो. परंतु हे अग्रक्रम संसारात कसे ठरतात आणि त्यांची किंमत कोण मोजतो, हे पाहावयाचे असल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळावे लागते. या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विनोदाविषयी व घरगुती भाषेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे त्याचा विचार या वेगळ्या अंगाने करावयाचा आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. ते प्रॉटेस्टंट पंथाचे असले तरी त्यांचे अभंग सर्वच मराठी ख्रिस्ती समाजाचा ठेवा आहेत. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हे कार्य आरंभिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नव्या कार्यासाठी त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले.

पंचावन्न हे आपल्याकडे निवृत्तिवेतनाचा हिशेब करण्याचे, गावचे घर वाढविण्याचे, कलमांची नवी बाग लावण्याचे वय. लूककृत शुभवर्तमानातील धनवान मनुष्यही कोठारे वाढविण्याच्या विचारात होता, आणि त्याच रात्री त्याला बोलावणे आले. त्याचे स्वगत नीट वाचले तर ध्यानात येते की, त्यात ‘मी’ आणि ‘माझे’ यांखेरीज कोणी नाही. पत्नी नाही, शेजारी नाही, देवही नाही. त्याचा दोष धान्य साठविण्यात जितका आहे, त्याहून अधिक या एकटेपणात आहे.

हीच कसोटी त्याग करणाऱ्यालाही लावली पाहिजे, आणि ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण आम्हांला येथे दिसते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला अंधारात ठेवून. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी विरहात व लोकापवादात काढली. पुढे एकत्र नांदू लागल्यावरही घरातला पैसा मागणाऱ्याच्या हाती जाई आणि उद्याची चूल पेटविण्याची काळजी त्यांच्या वाट्याला येई. त्या हे लपवीत नाहीत आणि त्याचा आरोपही करीत नाहीत. पतीवरील भक्ती व त्याच्या लहरीपणाचे हसू या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात नांदतात. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या घरच्यांनी सोसलेले बहुधा गाळले जाते. येथे तेच चरित्राचा कणा झाले आहे.

तथापि लक्ष्मीबाई केवळ सोसणाऱ्या नव्हेत. पती ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळ्याओवळ्याचा विचार त्यांनी स्वतःशी झगडून सोडला व १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पश्चात त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. विवाहानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या या स्त्रीने त्या काव्याचे ६४ अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून आला तो त्यानंतर. जो अग्रक्रम एकेकाळी त्यांच्यावर लादला गेला होता, तो त्यांनी आपखुशीने आपला केला, म्हणूनच तो टिळकांच्या मृत्यूनंतरही जिवंत राहिला.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी मिस्सा अर्पितो, कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतो. मागे राहिलेल्यांशी मात्र मरणाविषयी बोलणे आपण अशुभ मानतो. मुले मुंबईत वा आखाती देशांत असतात, आणि वडिलांना खरोखर काय प्रिय होते हे त्यांना अंत्यविधीच्या दिवशी इतरांकडून कळते. अग्रक्रम मनातल्या मनात ठरविणे पुरेसे नाही. ज्यांना त्याचे ओझे वाहावयाचे आहे, त्यांच्याशी ते जिवंतपणी बोलावे लागते. आयुष्य कोणाचेच पुरे होत नाही. आपले अपुरे राहिलेले काम प्रेमाने उचलावे असे घरात कोणास वाटेल काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा. त्यासाठी यंदाच्या नोव्हेंबरात रोझरीनंतर ‘स्मृतिचित्रे’ची चार पाने मोठ्याने वाचावीत, अशी आमची शिफारस आहे.